रांगेवरचं शुल्क कोण कमी करणार?

परदेशातून : जिनिव्हा

स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांशी भारताने केलेला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ला लागू झाला. तेव्हापासून ठाण्याकडच्या घड्याळवेड्यांत एकच वाद: स्विस घड्याळ आता घ्यायचं, की सात वर्षांत त्यावरचं आयात शुल्क शून्यावर येईपर्यंत थांबायचं?

अधिभार धरून शुल्क होतं २२ टक्के. ते लागतं आयातीच्या किमतीवर, ठाण्याच्या राम मारुती रोडवर दुकानाच्या काचेआड दिसणाऱ्या किमतीवर नव्हे. ५ लाखांना देशात आलेल्या घड्याळावर १ लाख १० हजार. ढोबळमानाने वर्षाला पंधरा-सोळा हजारांची सूट, वर तेवढ्या रकमेवरचा जीएसटीही वाचतो. जानेवारीत कंपनीने भाव वाढवला किंवा स्विस फ्रँक वधारला, की ही सूट गेलीच म्हणून समजा.

आणि ज्या मॉडेलांवर सगळ्यांचा डोळा असतो, ज्यांच्यासाठी रांग लागते, त्यांचा भाव शुल्कावर ठरतच नाही. रोलेक्सने २०२०मध्ये ४१ मिलिमीटरचं ऑयस्टर पर्पेच्युअल अनेक रंगांत आणलं. पोलाद तेच, आतलं यंत्र तेच, कंपनीच्या यादीतली किंमतही तीच. डिसेंबर २०२१मध्ये पाटेक फिलिप या स्विस कंपनीचं, टिफनी या दागिन्यांच्या पेढीच्या खास निळ्या रंगाच्या तबकडीचं नॉटिलस घड्याळ न्यूयॉर्कच्या लिलावात ६५ लाख डॉलरला गेलं, आणि त्या रंगाच्या जवळ जाणारं फिरोजी ऑयस्टर वापरलेल्या घड्याळांच्या बाजारात यादीच्या कितीतरी पट चढलं. काळ्या तबकडीचं भावंड मागेच राहिलं. २०२२च्या सुरुवातीनंतर बाजार उतरला आणि शिखरावर घेणारे अडकले.

नुसत्या टंचाईनेही काही होत नाही. हॉलिवूड अभिनेते पॉल न्यूमन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तबकडीचं रोलेक्सचं डेटोना एके काळी दुकानात पडून राहायचं, म्हणूनच ते थोडं बनलं. मागणी नंतर आली. खुद्द न्यूमन यांचं घड्याळ २०१७मध्ये पावणेदोन कोटी डॉलरच्या वर गेलं. आपल्याकडे एचएमटीचं तेच झालं. कंपनी बंद पडली, मागणी वाढली, आणि जुन्या यंत्रावर भडक रंगवलेल्या तबकड्या बसवून ‘मुंबई स्पेशल’ विकली जाऊ लागली. भिंगाखाली अक्षरं जाड आणि फुटलेली दिसली, की पैसे खिशातच ठेवा.

‘मामा, तिकडून घेऊन या’ हा माझ्या भाच्याचा आग्रहही फुकाचा. इथे जिनिव्हातही रोलेक्सच्या काचेआड बरेचदा ‘फक्त प्रदर्शनासाठी’ अशी पाटी असते. स्विस व्हॅट ८.१ टक्के, तो परत मिळतो परदेशी राहणाऱ्या गिऱ्हाइकाला, इथल्या रहिवासी मामाला नाही. भाच्याने स्वतः येऊन घेतलं, तरी मर्यादेवरच्या किमतीला आपल्या विमानतळावर शुल्क आहेच. मनगटावर बांधलं म्हणून नवं घड्याळ जुनं होत नाही.

माझं मत विचाराल तर, काउंटरवर सहज मिळतं तेच घ्या आणि घासाघीस करा. जुनं घेणार असाल, तर पट्टा जिथे बसतो ते चार कान आधी पाहा. कडा गोलसर झाल्या असतील किंवा चकचकीत आणि रेघारेघांच्या भागांमधली सीमा पुसट असेल, तर पॉलिश जास्त झालंय. धातू गेला तो परत येत नाही, आणि उद्या विकताना पुढचा गिऱ्हाईक पहिलं बोट तिथेच ठेवेल.