लागू दे ना सवय!

मुलगी साडेचार महिन्यांची आहे माझी आणि तितकेच महिने मी हे एकच ऐकतेय, सारखी उचलू नकोस, हाताची सवय लागेल. अहो लागू दे ना! नऊ महिने पोटात होती, माझ्याशिवाय दुसरी कसली सवय असणारे तिला? काल संध्याकाळी किरकिर करत होती, खांद्यावर घेतली, नाक माझ्या मानेत खुपसलं आणि दोन मिनिटांत गप्प, तेवढ्यात सोफ्यावरून आलंच, "बघ, नाटकं कळतात हिला." नाटकं? एवढ्याशा जिवाला?

त्यात माहेर निफाडचं, सासर पंचवटीतलं. आई म्हणते झोळीत टाक, सासूबाई म्हणतात पाळण्यातच झोपव. ते चालेल एकवेळ, दोघींची माया आहे, आणि मालिश तर सासूबाईंसारखी कुणालाच जमत नाही. पण मध चाटवायचा हट्ट मला खरंच सहन होत नाही. वर्षाच्या आत मध द्यायचा नसतो, त्यातून बाळाला बॉट्युलिझम, म्हणजे जंतूंच्या विषाने होणारा गंभीर आजार, होऊ शकतो, आणि पहिले सहा महिने आईचं दूध पुरतं, कितीही ऊन असलं तरी वरून पाणी लागत नाही, हे डॉक्टरांनी त्यांच्यासमोर सांगितलंय. तरी परवा मी अंघोळीला गेले नि येऊन बघते तर लेकराचे ओठ चिकट! मला रडूच आलं.

वर पुन्हा, "आम्ही नाही का चार पोरं वाढवली?" वाढवलीत हो, मान्यच आहे, पण हिच्या तोंडात काही घालायच्या आधी एकदा मला विचारा तरी!