ॲपेवाला पावती देत नाही

पुढच्या महिन्यात मला आमच्या संस्थेत समन्वयक होऊन दोन वर्षं होतील. त्याआधी नऊ वर्षं बीड जिल्ह्यात गावोगाव फिरले. धारूर, वडवणी, माजलगाव. बालविवाह, शाळा सुटलेल्या मुली, ऊसतोडीला जाणारी घरं. "ताई आता साहेब झाल्या" असं लोक कौतुकानं म्हणतात आणि मला दर वेळी कसंनुसं होतं. का होतं ते एकदा लिहून टाकते. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगते.

ज्या मावशींनी मला हे काम शिकवलं त्या आज माझ्या टीममध्ये आहेत. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठ्या. पहिल्या गृहभेटीला मी बसल्या बसल्या वही काढली, तेव्हा बाहेर आल्यावर म्हणाल्या होत्या, "आधी त्यांच्या घरचं पाणी पी, मग वही काढ." आता त्यांच्या प्रवासबिलावर सही मी करते. आणि पहिल्याच महिन्यात मी ते बिल परत पाठवलं. पावत्या नव्हत्या म्हणून! एसटीची तिकिटं लावलेली होती, पण एसटी फाट्यावर सोडते. तिथून तांड्यापर्यंत ॲपे, आणि ॲपेवाला कुणाच्या बापाला पावती देत नाही. हे मला माहीत नव्हतं का? याच ॲपेच्या दांडीला लोंबकळत, याच कारणासाठी, मी नऊ वर्षं ऑफिसला शिव्या घातल्या आहेत. तरी खुर्चीत बसल्यावर हात तसाच चालला. मावशी काही बोलल्या नाहीत. त्यांनी बिल देणंच बंद केलं. चार महिने पदरचे पैसे घालून फिरत होत्या, आणि मला ते कळलं अकाउंटंटकडून.

ते तरी भरून देता आलं. पुढचं नाही.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये रात्री नऊला फोन आला. "ताई, उद्या हळद हाय. पोरगी दहावीची." गाव माझं जुनं, पण आता ते आमच्या नव्या कार्यकर्तीकडे. तिला कळवायला हवं होतं. कळवलं, पण स्कूटी फाट्याला लागल्यावर. ग्रामसेवकाला झोपेतून उठवलं (गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी कायद्यानं तोच, पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, लोक ग्रामसेवकच म्हणतात). अंगणवाडीताईला सोबत घेतलं. हेडमास्तरांच्या मागं लागून निर्गम उतारा मिळवला. पंधरा वर्षं आठ महिने. मांडव घातलेला, आचाऱ्याची भांडी उतरलेली. बाप आधी माझ्या अंगावर आला, मग खाली बसून रडला. पोलीस आले, हमीपत्र झालं, दुसऱ्या दिवशी मुलगी बालकल्याण समितीपुढे. व्हॉट्सॲपवर शाबासकीचा पाऊस. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? वर्षभर एक्सेल भरून आंबलेल्या बाईला त्या रात्री जिवंत असल्यासारखं वाटलं होतं.

आमची ती कार्यकर्ती शेजारच्याच गावात राहते. तिसऱ्या दिवशी ती त्या घरी गेली तर मुलीची आई दारातूनच म्हणाली, "तू कामून आलीस? तुमच्या मोठ्या ताईलाच बोलव." बाजारात, पाण्याच्या टँकरवर, लोकांच्या नजरा तिनं झेलायच्या. कौतुक माझं. मला ती एवढंच म्हणाली, "ताई, तुम्हीच येणार असाल तर मग मी कशाला?" मी तेव्हा तिला समजावत बसले. ऐकायला पाहिजे होतं.

दसऱ्याच्या सुमारास, ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आधी, त्या मुलीचं लग्न लागलं. मामाच्या गावी, गुपचूप. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, त्यावर मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे. एकटा पोरगा म्हणजे अर्धा कोयता. हा हिशेब हमीपत्रानं मोडत नाही. तो मोडायचा तर त्या घरी सहा महिने कुणीतरी जात-येत राहावं लागतं, चहाला, बारशाला, दहाव्याला. ते काम त्या कार्यकर्तीचं होतं, आणि तिच्यासाठी ते दार मी एका रात्रीत बंद करून आले होते. ह्या वेळी फोन कुणालाच आला नाही. मलाही नाही.

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात अठराच्या आत लग्न झालेल्या बायकांचं प्रमाण (२० ते २४ वयोगटात) राज्यात २२ टक्क्यांच्या आसपास आहे, आणि आमच्या बीडमध्ये ४३ च्या वर. एका ताईच्या स्कूटीनं हे कमी होणार आहे का?

आपल्याकडच्या संस्थांवर माझा राग आहे तो इथं. बाई गावात चांगलं काम करते, म्हणून बक्षीस म्हणून तिला गावातून उचलून टेबलावर बसवायचं. तिला जे येतं ते सुटतं, जे येत नाही ते गळ्यात पडतं. मलाही प्रशिक्षणाला पाठवलं होतं, पुण्याला, दोन दिवस. लीडर आणि मॅनेजर यांतला फरक शिकवला, जेवण छान होतं. पण पंधरा वर्षांनी मोठ्या बाईचं बिल कसं तपासायचं, प्रकल्प संपला म्हणून पोराबाळांच्या बाईला "पुढच्या महिन्यापासून येऊ नको" कसं सांगायचं, फोन वाजत असताना हात कसा आवरायचा, यातलं काही स्लाइडवर नव्हतं.

आता मंगळवारच्या बैठकीत पहिला तास रजिस्टर उघडत नाही. कुणाच्या घरी काय झालं, कुठं अपमान झाला, कोण रात्री झोपलं नाही, एवढंच. पहिले दोन मंगळवार सगळ्या गप्प होत्या. तिसऱ्या मंगळवारी मावशी बोलल्या. मला वाटलं होतं लोकांबद्दल बोलतील. बोलल्या ऑफिसबद्दल, म्हणजे माझ्याबद्दल.

गेल्या आठवड्यात पुन्हा तसाच फोन आला, पुन्हा मलाच. मी त्या कार्यकर्तीचा नंबर दिला, तिला सांगितलं आणि घरात बसले. "ठाण्यात फोन करून ठेवलाय, लागलं तर बोल," एवढा एकच मेसेज केला. तीन तास. एवढ्या वेळात मी दोनदा भांडी घासली, स्कूटीची चावी नवऱ्याच्या खिशात टाकली. साडेअकराला तिचा मेसेज: "झालं ताई. उद्या सुट्टी पाहिजे."

काल तिचं बिल आलंय. ॲपेचे तीस रुपये, पावती नाही. सही केली. अकाउंटंटला काय सांगायचं ते बघते.