थंड जार म्हणजे मिनरल वॉटर नव्हे

लग्नसराई आली की मला पाण्याच्या जारची धास्ती वाटते. मांडवाच्या कडेला निळे जार ओळीने ठेवलेले असतात आणि यजमान आग्रहाने सांगतात, "पाणी मिनरलचं आहे, बिनधास्त प्या." आपण पितो, लहान लेकराच्या तोंडालाही तोच ग्लास लावतो. ते पाणी कुठून आलं आणि कोणी तपासलं, हे एरवी भाजी चार वेळा उलटसुलट करून घेणारी आपली माणसं विचारत नाहीत. याचा मला मनापासून राग येतो.

नैसर्गिक मिनरल वॉटर भूगर्भातल्या ठरावीक स्रोतातून येतं, तिथंच बाटलीत भरतात आणि त्यातली खनिजं मूळची असतात. त्याचं भारतीय मानक (आयएस) 13428. दुकानातली साधी बाटली म्हणजे शुद्ध केलेलं पाणी, आयएस 14543. दोन्हींवर सील, बॅच नंबर, तारीख आणि एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, 14 अंकी परवाना क्रमांक असतो. नोव्हेंबर 2024 मध्ये एफएसएसएआयने हे दोन्ही प्रकार जास्त जोखमीच्या गटात टाकले. म्हणजे सीलबंद बाटलीवरही सरकारला डोळा ठेवावासा वाटतो. आणि थंड जार? सील नाही, तारीख नाही. सीलबंद नाही म्हणून तो आमच्या नियमात बसत नाही, असं म्हणत जे ते सरकारी खातं हात वर करतं.

जार कसा भरतात ते बघा. बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी आरओ मशीनमधून काढायचं, टाकीत थंड करायचं, पाइप लावून जार भरायचे. मशीनचा पडदा खराब होऊ नये म्हणून आधी कार्बन फिल्टरमध्ये पाण्यातलं क्लोरीन काढून टाकतात. नळाच्या पाण्यात थोडं क्लोरीन शिल्लक ठेवलेलं असतं, ते वाटेत शिरणाऱ्या जंतूंना मारतं. जारच्या पाण्याला ही राखण उरत नाही. जार नीट धुतला नसेल, तोटीला कुणाचा घाणेरडा हात लागला असेल, तर ते जंतू तसेच पोटात जातात. गारठ्याने जंतू मरत नाहीत, फक्त त्यांची वाढ मंदावते.

जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायला शिकवलं, त्यांतली मी एक. एका कार्यक्रमातल्या जारचं पाणी मी जंतू तपासायच्या एच-टू-एसच्या छोट्या बाटलीत खुणेपर्यंत भरून घरी फडताळात ठेवलं. दुसऱ्या दिवशी पाणी काळं झालं होतं. काळं होणं म्हणजे त्यात विष्ठेतले जंतू असण्याची दाट शक्यता. त्याच कार्यक्रमाला शेजारची बाळंतीण आली होती. तिने घरचं पाणी नको म्हणून मुद्दाम जारचं मागून घेतलं होतं.

2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेडगाव, किरकटवाडी भागात जीबीएसचे (नसांवर हल्ला करणाऱ्या गुइलेन-बॅरे सिंड्रोम या आजाराचे) रुग्ण वाढले, तेव्हा संशयाची सुई पाण्याकडेच गेली आणि महापालिकेला खासगी आरओ प्रकल्पही तपासावे लागले. शहरात बातम्या होतात म्हणून यंत्रणा हलते. तालुक्याला कावीळ, टायफॉइड झाला तर आपण म्हणतो, बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल.

आता फायद्याचं. खऱ्या मिनरल वॉटरमधलं कॅल्शियम, मॅग्नेशियम शरीराला लागू पडतं, हे खरं. पण लिटरमागे 50 मिलिग्रॅम कॅल्शियम असलेलं पाणी दिवसभर प्यायलात तरी 100 ग्रॅम नाचणीतल्या साडेतीनशेच्या जवळपास मिलिग्रॅमची बरोबरी होत नाही. हाडांसाठी महागडी बाटली घेणाऱ्यांनी आधी नाचणीची भाकरी खावी. काही परदेशी मिनरल पाण्यांत सोडियम भरपूर असतं. बीपीवाल्यांनी लेबल वाचल्याशिवाय ती घेऊ नयेत.

आणि दारावर येणाऱ्या त्या मशीन विकणाऱ्यांना भुलू नका. ते नळाच्या पाण्यात लोखंडी सळ्या घालून वीज सोडतात, पाणी तांबूस-काळं होतं आणि घरातल्या बायका घाबरतात. तो रंग सळईच्या लोखंडाचा असतो. पाण्यात क्षार असतात म्हणून वीज वाहते, आरओच्या पाण्यात ते फारसे नसतात म्हणून ते स्वच्छ दिसतं.

बाटलीचंही सगळं निर्धोक नाही. 2024 मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांना बाटलीबंद पाण्यात लिटरमागे सरासरी 2,40,000 प्लॅस्टिकचे कण सापडले, बहुतेक अतिसूक्ष्म. शरीरावर त्यांचा नेमका परिणाम अजून ठरायचा आहे. पण उन्हात तापलेले बाटल्यांचे खोके दिसले तर मी ते पाणी घेत नाही.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या फ्लोराइडवाल्या गावांची गोष्ट निराळी. फ्लोराइड उकळून जात नाही, तिथे आरओसारखा उपाय लागतोच. फक्त तो ग्रामपंचायतीने चालवावा आणि तपासणीचा अहवाल भिंतीवर लावावा. बाकी ठिकाणी टीसीएल (ब्लीचिंग पावडर) वेळेवर टाकून नळाला लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलं, तर जार विकत घ्यायची गरजच काय?

आमच्या गावच्या जार प्रकल्पांचं पाणी जिल्हा प्रयोगशाळेत पाठवावं, असा अर्ज मी ग्रामसभेत दिला आहे. तुमच्या गावासाठी अर्जाचा नमुना हवा असेल तर सांगा, पाठवते.