आईच्या दुधात जवळपास सगळं असतं. ‘के’ जीवनसत्त्व मात्र अगदीच थोडं.

बाळ जन्मलं की काही तासांतच त्याच्या मांडीत ‘के’ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देतात. जेमतेम १ मिलिग्रॅम. ‘आम्हाला सगळं नैसर्गिक हवंय, उगाच टोचाटोची नको’ असं म्हणून ते नाकारणारे आईबाप हल्ली भेटतात. त्यांनी प्रश्न विचारावेत, जरूर विचारावेत. पण यातलं ‘नैसर्गिक’ काय आहे तेही ऐकून घ्यावं.

रक्त गोठवणारे काही घटक यकृतात तयार होतात आणि त्यासाठी ‘के’ लागतं. ते वारेतून बाळापर्यंत फारसं पोचत नाही, आईच्या दुधात अगदी थोडं असतं, आणि बाळाच्या आतड्यात ते बनवणारे जिवाणू अजून रुजलेले नसतात. म्हणजे धडधाकट, पूर्ण दिवसांचं बाळही तुटवड्यातच जन्मतं. यात आईच्या खाण्यापिण्याचा दोष नाही. (बाळंतिणीला बोल लावायला टपलेल्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.) आई फिटच्या काही गोळ्या घेत असेल तर मात्र रक्तस्रावाचा धोका पहिल्याच दिवशी असतो, ते डॉक्टरांना आधी सांगायला हवं.

पहिल्या आठवड्यातला रक्तस्राव निदान दिसतो तरी: नाळेतून, नाकातून, शीतून. मला धास्ती वाटते ती उशिराच्या प्रकाराची. दोन आठवड्यांपासून सहा महिन्यांपर्यंत कधीही, बहुतेक वेळा फक्त अंगावर पिणाऱ्या बाळात. आकड्यांत तो दुर्मीळ आहे, हे खरं. पण असा रक्तस्राव झालेल्या बाळांपैकी जवळपास निम्म्यांना तो होतो थेट मेंदूत. बाळ पेंगुळतं, दूध ओढत नाही, उलट्या करतं, टाळू फुगते. घरच्यांना वाटतं, पोटात दुखत असेल. कधी त्याआधी अंगावर एखादा निळा डाग उठलेला असतो, आणि ‘कुठेतरी लागलं असेल’ म्हणून तो सोडून दिलेला असतो.

‘त्याने कॅन्सर होतो म्हणे’ हेही ऐकू येतं. ही शंका १९९० च्या सुमाराची, ब्रिटनमधल्या अभ्यासांतून आलेली. पुढच्या मोठ्या अभ्यासांत तसा संबंध सापडला नाही. पण फॉरवर्ड होते ती शंका. पुढचं कोण पाठवतंय?

तोंडावाटे थेंब देता येतात, पण ते पुन्हापुन्हा द्यावे लागतात आणि एखादा डोस राहतोच. शिवाय यकृताचा किंवा पित्तनलिकेचा छुपा आजार असेल तर ते नीट शोषले जात नाहीत. कावीळ दोन आठवड्यांपुढे रेंगाळली, शी पांढुरकी होऊ लागली, तर थेंब चालू असले तरी बाळाला लगेच दाखवा.

आणि घरी जाण्याआधी फाइल उघडून बघा, ‘के’ दिल्याची नोंद आहे का. नसेल तर तिथेच विचारा.