'डेल्टाप्रेमी' यांस उत्तर (जरा लांबलंय)

डेल्टाप्रेमी, नमस्कार.

ब्लूज (अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं संगीत) गाणाऱ्या मडी वॉटर्सच्या शिकागोतल्या बँडवर मी लिहिलेल्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. त्याच दिवशी उत्तर दिलं असतं तर ते छापण्याजोगं झालं नसतं, म्हणून थांबलो. 'पुण्यात बसून विकिपीडिया चाळणाऱ्या तुमच्यासारख्या पांढरपेशांनी ब्लूजच्या वाटेला जाऊ नये' ही तुमची सुरुवात. टोपणनावाआडून असं लिहायला काही लागत नाही हो. मी माझ्या नावाने लिहितो आणि लोक मला रस्त्यात गाठून जाब विचारतात.

आधी तुमचं बरोबर आहे तेवढं देऊन टाकतो. मडीचा पियानोवादक ओटिस स्पॅन याचं जन्मसाल मी 1930 दिलं होतं. काही अभ्यासक 1924 धरतात. आता लेखात दोन्ही आहेत. झालं समाधान?

आता तुमचं ते टाळ्याखाऊ वाक्य : 'ब्लूज शिकून येत नाही, सोसून येतो, तुम्ही मात्र वादकांचे बायोडेटा छापलेत.'

सोसणं मी नाकारलं कुठे? मडी मिसिसिपी डेल्टात, म्हणजे ब्लूजच्या माहेरी, स्टोव्हॉलच्या मळ्यावर ट्रॅक्टर चालवायचा. ताशी 25 सेंट मागितले म्हणून मुकादमाशी वाजलं आणि 1943 मध्ये त्याने शिकागोची गाडी पकडली, हे माझ्याच लेखात आहे. पण त्याच मळ्यावर 1941 साली लोकसंगीताचा संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन आला, तेव्हा मडीने पहिलं गाणं कुठून उचललं म्हणून सांगितलं? लेरॉय कार या ब्लूज गायकाच्या रेकॉर्डवरून. आणि हा तुमचा सोसलेला डेल्टावाला नाचाच्या कार्यक्रमांत जीन ऑट्रीची काउबॉय गाणीसुद्धा म्हणायचा, कारण लोक ती मागायचे. डेल्टातल्याच सन हाउस या गायकाला समोर बसून ऐकणं, रेकॉर्ड घासून घासून ऐकणं, याला शिकणं नाही तर काय म्हणायचं?

आणि ड्रमर फ्रेड बिलो. 'जॅझवाल्या ड्रमरने ब्लूजमध्ये पाणी घातलं' असं तुम्ही लिहिलंत, तिथे मात्र मी खुर्चीतून उठलो. बिलो शिकागोचाच. ड्यूसेबल हायस्कूल, मग रॉय नॅपची तालवाद्यांची शाळा, लष्करी बँड, जर्मनीत जॅझ. परत आल्यावर मायर्स या गिटारवाल्या बंधूंबरोबर वाजवायला बसला तर सुरुवातीला त्याला ब्लूज पेलवेना, हे त्याने स्वतःच सांगितलंय. बसून बसून शिकला. आणि तो बसल्यावर काय झालं ते 'ऑफ द वॉल' लावून ऐका. दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर स्नेअर ड्रम पक्का, पण वर झांज मोकळी फिरते आणि त्या मोकळ्या जागेत लिटिल वॉल्टरचा हार्मोनिका सॅक्सोफोनसारखा घुसतो. वॉल्टर हा लुई जॉर्डन या वादकाचा सॅक्सोफोन ऐकून घडलेला. स्वस्तातला माइक हार्मोनिकासकट दोन्ही तळव्यांत गच्च धरायचा, अ‍ॅम्प्लिफायर फाटेपर्यंत चढवायचा आणि फुंकायचा. 1952 च्या त्याच्या 'ज्यूक' या धूनने आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) रेकॉर्डच्या खपाच्या यादीत आठ आठवडे पहिला नंबर धरला, तेव्हा तो मडीचा बँड सोडून बिलो आणि मायर्स बंधूंकडे गेला. डेल्टातल्या कुठल्या शेतात हा आवाज होता, दाखवा.

माझं म्हणाल, तर मी तबला शिकलो आणि कॉलेजात असल्यापासून गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रांत ढोलकी आणि ऑक्टोपॅड वाजवलं. नंतर काही मित्रांच्या ब्लूज बँडमध्ये ड्रमवर बसलो. ब्लूजचा झुलता ताल, शफल, म्हणजे मात्रेचे तीन तुकडे, मधला गाळायचा. कागदावर दोन मिनिटांचं काम. माझा हात मात्र दर चार आवर्तनांनी केरव्यात घसरायचा आणि बास वाजवणारा मान वळवून बघायचा. तेव्हा बिलोच्या रेकॉर्डनी मला वाचवलं, माझ्या कुठल्या दुःखाने नाही.

आणि सोसण्याचीच मोजदाद करायची असेल तर तीही करू. माझे वडील गिरणी कामगार. 82 चा संप आमच्या घरावरून गेला. आई खाणावळीच्या पोळ्या लाटायची. 'पांढरपेशा' म्हणण्याआधी विचारायचं होतंत. वडिलांनी सोसलं पुष्कळ, पण त्यामुळे त्यांना हार्मोनिका वाजवता आला नाही. भजनात टाळसुद्धा ते मागेच धरायचे, आणि बुवा त्यांना दर गुरुवारी ते ऐकवायचे.

काळ्या माणसाला शाळेत शिकलेलं चालत नाही, त्याने फक्त दुःखातून वाजवावं, हा हट्ट तुमच्यासारख्या दूर बसलेल्या रसिकांचाच असतो. विली डिक्सन लहानपणी गॉस्पेल चौकडीत सुरांची जुळणी शिकला, 1937 साली इलिनॉयची गोल्डन ग्लव्ह्ज मुष्टियुद्ध स्पर्धा जिंकला, मग बास उचलला आणि मडीसाठी 'हूची कूची मॅन' लिहिलं. त्याचा बायोडेटा मी छापणारच. पहिला भाग कापला तर दुसरा समजत नाही.

बाकी तुमचे मुद्दे : लेख लांब आहे (आहे), फोटो जुने आहेत (1950 च्या दशकाचे नवे कुठून आणू?), 'मराठीत ब्लूजवर लिहायची गरजच काय' (याला उत्तर देत नाही). शिकागोच्या बडी गायचं नाव घेऊन मला गप्प करू पाहताय, तर 2011 मध्ये मुंबईच्या मेहबूब स्टुडिओत तो वाजवत होता तेव्हा मी रेलिंगला चिकटून उभा होतो. मडीच्या 1964 च्या 'फोक सिंगर' या अल्बमवर हाच बडी गाय गिटार वाजवतो, हेही लेखात आहे. पूर्ण वाचला असतात तर सापडलं असतं.

पुढचा लेख फ्रान्सिस क्लेवर. मडीच्या 1960 च्या न्यूपोर्ट जॅझ महोत्सवातल्या कार्यक्रमात ड्रमवर तोच होता. तोही जॅझवाला, म्हणजे तुमच्या भाषेत आणखी पाणी. प्रतिक्रिया जरूर द्या, फक्त 'तुमच्यासारख्या'ने सुरू होणारी असेल तर ती मी उडवून टाकेन.