कासव माणूस ओळखत नाही, म्हणून पऱ्यात सोडा? अजिबात सोडू नका

सध्या चिपळूण-गुहागरकडे एक मेसेज जोरात फिरतोय. त्यात म्हटलंय, पाळलेलं कासव काय, इग्वाना नावाचा मोठा सरडा काय, त्यांना मेंदूच नसतो, रक्त थंड म्हणून भावना नाहीत, खाण्यापुरती जवळ येतात, वेळासची कासवीण स्वतःच्या अंड्यांकडे वळून बघत नाही ती तुमच्याकडे काय बघणार, तेव्हा कंटाळा आला की खुशाल पऱ्यात नाहीतर देवळाच्या तळीत सोडा. वाचून फार वाईट वाटलं, कारण शेवटचं वाक्य लोक खरंच मनावर घेतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"मेंदूच नाही." आहे, आणि बरा चालतो. व्हिएन्नाच्या प्राणीसंग्रहालयात महाकाय कासवांना ठराविक रंगाचा चेंडू तोंडाने पकडायला शिकवलं होतं, 9 वर्षांनी परत तपासलं तर काय करायचं ते त्यांना आठवत होतं. 2019 ला हे छापून आलं. त्याआधी 2010 मध्ये संशोधक ॲना विल्किन्सन यांनी दाखवलं की लाल पायाचं कासव कुंपणाला वळसा कसा घालायचा ते दुसऱ्या कासवाकडे बघून शिकतं, आणि ही कासवं तर एकटी राहणारी.

"थंड रक्त, भावना नाहीत." थंड रक्त म्हणजे अंगातली ऊब बाहेरून घ्यायची, एवढंच. उन्हात शेकून निघालेल्या सरड्याचं अंग आपल्याइतकंच गरम असतं. कॅनडात संशोधक मिशेल कबनाक यांनी कासवं हातात धरून बघितली तर त्यांच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि नंतर ती जास्त उबेच्या जागी सरकली. म्हणजे आत काहीतरी होतंच ना? आणि "हातात घेतलं की गप्प बसतं, लाड आवडतात त्याला" म्हणणाऱ्यांनी पण हे लक्षात घ्या, घाबरलेलं कासव सुद्धा गप्पच बसतं.

"खाण्यासाठीच येतं, ओळख बिळख काही नाही." हा मुद्दा सगळ्यात जास्त ऐकू येतो. माझ्या आत्याकडे पडवीत टाकी आहे, त्यात ते बाजारात मिळतं तसलं, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं कासव. आत्या पडवीत आली की ते काचेला नाक लावून पुढचे पाय मारत बसतं, तिच्या हातात खाऊचा डबा नसला तरी, आणि तिच्याऐवजी मी गेलो किंवा कोणी पाहुणा गेला की दगडावरून डुबकन पाण्यात, ते बराच वेळ डोकं वर काढत नाही. आता ते तिचा चेहरा ओळखतं, चाल ओळखतं, की पातळाचा रंग, हे घरबसल्या सांगता येणार नाही, पण दोन माणसांत फरक करतंय हे समोर दिसतं. आणि ओळख खाण्यावरून झाली म्हणून ती खोटी कशी काय? धार काढणारा बदलला की गाय पान्हा चोरते, तेव्हा आपण म्हणतो का की तिला माणूस कळत नाही? कुत्र्यासारखी माया कासवात असते असं मी म्हणणार नाही, तसा पुरावा नाही. पण ओळखीच्या माणसाची भीती जाणं, त्याच्याकडे आपणहून येणं, ही लहान गोष्ट नाही.

"वेळासची कासवीण." वेळासच्या किनाऱ्यावर येणाऱ्या ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवापुरतं खरंय, अंडी वाळूत पुरून ती समुद्रात जाते. पण चिपळूणकरांनो, आपल्या वाशिष्ठीतली मगर विसरलात का? मादी घरट्यावर राखण करते, पिल्लांचा आतून आवाज आला की माती उकरते आणि त्यांना जबड्यात धरून पाण्यात नेते. ऑस्ट्रेलियातला एक सुस्त सरडा तर वर्षानुवर्षं त्याच जोडीदाराकडे परत येतो. सगळ्या सरपटणाऱ्यांना एकाच मापाने मोजायचं हेच मुळात चूक.

आता ते "सोडून द्या". हे लाल पट्ट्याचं कासव अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातलं. दुकानात नाण्याएवढं असतं, पण मादी पाऊण-एक फूट होऊ शकते, आणि आयुष्य वीस-तीस वर्षांचं. जगातल्या सर्वात त्रासदायक 100 उपऱ्या प्रजातींच्या यादीत ते आहे. तळीत सोडलं की आपल्या काळ्या कासवाशी आणि मऊ पाठीच्या कासवाशी अन्नासाठी, उन्हाच्या जागेसाठी भांडतं, वर रोग पण नेऊ शकतं. म्हणजे ज्याने तुमच्यावर भरवसा ठेवला त्याला टाकायचं आणि त्याच्यापायी आपल्याकडच्यांचे हाल करायचे. त्याऐवजी टाकी मोठी करा, पावसात ऊन नसतं तेव्हा उबेचा आणि यूव्हीबीचा (उन्हातल्या अतिनील किरणांचा) असे दोन्ही दिवे लावा, नाहीतर पाठ आणि हाडं मऊ पडतात. अगदीच जमत नसेल तर नीट सांभाळणारं दुसरं घर शोधा, किंवा वनविभागाच्या 1926 नंबरवर फोन करून विचारा. आणि घरात असलेलं कासव चांदण्यांच्या पाठीचं, म्हणजे स्टार कासव असेल, तर ते पाळणं मुळात बेकायदा आहे, त्यासाठी आजच फोन करा.