मॅन पेजच्या दुरुस्त्यांना ‘टाइमपास’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सोलापुरातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. ओपन सोर्सच्या नावाखाली चाललेला टाइमपास थांबवा, असा त्याचा सूर. सगळा रोख मॅन पेजच्या सोर्समधल्या चुका सुधारणाऱ्यांवर. ज्यांचा लिनक्सशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी सांगते: टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, ‘मॅन’ आणि पुढे कमांडचं नाव लिहिलं की त्या कमांडची जी माहिती उघडते, ते मॅन पेज. ते रॉफ नावाच्या जुन्या मांडणीच्या भाषेत लिहिलेलं असतं. ओळीच्या सुरुवातीला टिंब देऊन लिहिलेल्या सूचना, बॅकस्लॅश लावून लिहिलेली चिन्हं आणि मधे साधा मजकूर.

मेसेजमध्ये पाच दावे आहेत. मॅन पेज आता कोणी वाचत नाही, सगळे एआयला विचारतात. त्यातल्या दुरुस्त्या म्हणजे नुसते टिंब आणि डॅश, पडद्यावर काहीच फरक पडत नाही. मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारे लोक, असल्या पॅचला, म्हणजे पाठवलेल्या दुरुस्तीला, कचरा समजतात. एक कमांड चालवली की टूल सगळं आपोआप सुधारतं. आणि शेवटी, ज्यांना कोडिंग जमत नाही त्यांचं हे काम.

माझी भाची तिसऱ्या वर्षाला आहे. एका छोट्या प्रोग्रॅमच्या मॅन पेजमधल्या चुका दुरुस्त करून तिने पॅच तयार ठेवला होता. हा मेसेज वाचला आणि पाठवलाच नाही. मला विचारते, “मावशी, खरंच याला काही किंमत नाही का गं?” मला संताप आला तो त्या प्रश्नामुळे. एवढी मेहनत घेतलेल्या मुलीला एका फॉरवर्डने गप्प करावं, हे मला चालणार नाही.

‘पडद्यावर काहीच फरक पडत नाही’ हा दावा सगळ्यात चुकीचा आणि सगळ्यात घातक आहे, म्हणून तो आधी घेते.

रॉफमध्ये कीबोर्डवरचा साधा डॅश लिहिला की त्याचा अर्थ हायफन होतो, म्हणजे दोन शब्द जोडणारी रेघ. कमांडच्या पर्यायापुढचा डॅश हवा असेल तर त्याच्याआधी बॅकस्लॅश द्यावा लागतो, असा: \- . युनिकोड टर्मिनलवर या दोन गोष्टी दोन वेगवेगळी चिन्हं म्हणून उमटू शकतात. डोळ्यांना जवळजवळ सारखीच दिसतात, पण कॉम्प्युटरच्या लेखी ती वेगळी अक्षरं आहेत.

आता समजा एखाद्या पानात फायली उडवणाऱ्या आरएम कमांडचं उदाहरण दिलंय: आरएम, मग डॅश-आय (rm -i), पुढे फायलींची नावं. डॅश-आय म्हणजे प्रत्येक फाइल उडवण्याआधी मला विचार. लिहिणाऱ्याने सोर्समध्ये साधा डॅश ठेवला आणि पडद्यावर त्याचं हायफन झालं. विद्यार्थ्याने ओळ कॉपी केली, टर्मिनलमध्ये चिकटवली, एंटर दाबलं. आरएम त्या हायफनला पर्याय समजतच नाही, ते त्याला फाइलचं नाव वाटतं. ‘अशी फाइल सापडली नाही’ एवढा एक निरोप येतो आणि पुढच्या सगळ्या फायली एकही प्रश्न न विचारता उडतात. जो पर्याय जपण्यासाठी दिला होता, नेमका तोच निकामी झाला. याला ‘काहीच फरक पडत नाही’ म्हणायचं?

हे माझ्या मनाचं नाही. लिनक्सचा मॅन-पेजेस प्रकल्प 1993 पासून चालू आहे आणि पान कसं लिहावं याचं त्यांचं स्वतःचं एक पान आहे, सातव्या विभागात, ‘मॅन-पेजेस’ याच नावाचं. त्यात स्पष्ट लिहिलंय की पर्यायांच्या आधी, ऋण संख्यांच्या आधी \- वापरा. कारणही दिलंय: पडद्यावरून उचलून टर्मिनलमध्ये चिकटवल्यावर खरा मायनसच, म्हणजे पर्यायाचा डॅशच, उमटला पाहिजे. कॅरेट (^) आणि टिल्ड (~) या चिन्हांबद्दलही तिथे अशीच सूचना आहे. मेसेज लिहिणाऱ्याने हे एक पान जरी वाचलं असतं तरी दुसरा दावा लिहायला हात उचलला नसता.

इथे एक गोष्ट मान्य करावी लागेल, इच्छा नसली तरी. ‘माझ्या उबुंटू लिनक्सवर तर सगळं सारखंच दिसतं’ असं कोणी म्हणालं तर तो खोटं बोलत नाही. पानं मांडणारा ग्रॉफ हा प्रोग्रॅम अनेक वर्षं मॅन पेजपुरता साध्या डॅशला सांभाळून घेत होता, म्हणजे त्याचा पर्यायाचाच डॅश छापत होता. 2023 मध्ये ग्रॉफ 1.23 आलं आणि ही सवलत काढली गेली. ओरड झाल्यावर डेबियनसारख्या काही डिस्ट्रिब्युशन्सनी, म्हणजे लिनक्सचे तयार संच देणाऱ्यांनी, आपल्या बाजूने जुनं वागणं परत लावून घेतलं. म्हणजे तुमच्या मशीनवर चूक झाकलेली आहे. दुसऱ्या डिस्ट्रिब्युशनवर, पीडीएफमध्ये ती उघडी पडते. झाकलेली चूक ही नसलेली चूक नव्हे.

बरं, गोष्ट डॅशवरच थांबत असती तरी एक वेळ समजून घेतलं असतं. टिंबाचं बघा. रॉफमध्ये ओळ टिंबाने सुरू झाली की ती सूचना समजली जाते. वाक्य लिहिताना ओळ मोडली आणि नवी ओळ नेमकी ‘.बॅशआरसी’ या फाइलच्या नावाने सुरू झाली, तर त्या नावाची सूचना काही सापडत नाही आणि ती अख्खी ओळ निमूटपणे गिळली जाते. वाचणाऱ्याला कळतही नाही की इथे काही होतं. एकेरी अवतरणचिन्हाने सुरू होणाऱ्या ओळीचंही तेच. उपाय काय, तर ओळीच्या सुरुवातीला \& एवढंच लिहायचं. पॅचमध्ये हे दोन चिन्हांचं दिसतं, पण पानावर एक अख्खी ओळ परत येते.

आणि बॅकस्लॅश! सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकणाऱ्या प्रत्येकाने मजकूर छापणाऱ्या प्रिंटएफमध्ये नव्या ओळीसाठी बॅकस्लॅश-एन (\n) लिहिलंय. मॅन पेजच्या उदाहरणात ते तसंच उतरवलं तर रॉफ त्याला ‘पुढच्या अक्षराच्या नावाच्या खात्यातली संख्या छाप’ असा हुकूम समजतं. पुढचं अक्षर असतं बंद करणारं अवतरणचिन्ह. त्या नावाचं खातं नसतं, म्हणून छापलं जातं 0, आणि अवतरणचिन्ह गायब. पहिल्या वर्षाच्या मुलाने ते उदाहरण टाइप करून बघितलं तर कंपाइलच होणार नाही. तो तासभर स्वतःला दोष देत बसेल, कारण पुस्तकात चूक असेल असं आपल्या मुलांना वाटतच नाही.

अजून एक जागा आहे जिथे मांडणी चुकली तर पान असून नसल्यासारखं होतं. प्रत्येक पानाच्या सुरुवातीला ‘नेम’ हा विभाग असतो: नाव, डॅश, एका ओळीचं वर्णन. ‘अप्रोपॉस’ किंवा ‘मॅन डॅश-के’ या कमांडने विषयावरून पान शोधतो तेव्हा याच ओळींतून बनवलेल्या यादीत शोध होतो. साचा मोडला की पान यादीत येत नाही. कमांडचं नाव ज्याला आठवत नाही, फक्त काम माहीत आहे, त्याच्यासाठी ते पान हरवलेलंच.

मेंटेनर वैतागतात, हा दावा. यात अर्धं सत्य आहे आणि ते मी लपवणार नाही. हॅक्टोबरफेस्ट म्हणजे ओपन सोर्सला हातभार लावणाऱ्यांना टी-शर्ट देणारा ऑक्टोबरमधला उपक्रम. 2020 मध्ये त्या टी-शर्टसाठी लोकांनी प्रकल्पांच्या माहितीच्या रीडमी फायलींमध्ये निरर्थक शब्द घालून पुल रिक्वेस्टचा, म्हणजे ‘माझा बदल घ्या’ अशा विनंत्यांचा, पूर आणला होता. त्यात आपल्या देशातल्या मुलांचा वाटा मोठा होता, हे कबूल करायला जड जातं. ऑक्टोबर चालू असतानाच आयोजकांना नियम बदलावा लागला आणि ज्या प्रकल्पांनी स्वतःहून होकार दिला तेवढेच मोजायचं ठरलं. पण म्हणून आरएमचं उदाहरण सुधारणारा पॅच त्याच टोपलीत टाकायचा? मेंटेनर चिडतो ते न तपासता पाठवलेल्या, शेकडो ओळी एकदम हलवणाऱ्या, कारण न सांगणाऱ्या पॅचवर. छोटा, तपासलेला, कारण लिहिलेला पॅच त्याचा वेळ वाचवतो.

टूल आपोआप सगळं सुधारतं, हेही अर्धवट माहितीवरून लिहिलंय. मॅनडॉक या पानं मांडणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये लिंट, म्हणजे चुका शोधण्याची सोय, आहे; ग्रॉफला सगळे इशारे दाखवायला सांगता येतं, आणि दोन्ही वापरलेच पाहिजेत. पण ती चुका दाखवतात, सुधारत नाहीत. ‘रीड-ओन्ली’ मधला डॅश हा शब्द जोडणारा आणि ‘-आर’ मधला पर्यायाचा, हे वाचून ठरवणारं माणूसच लागतं. सगळे डॅश एका फटक्यात बदलणारे महाभाग आहेत, आणि त्यांनी जोडशब्दही बिघडवून ठेवलेत. एखादा शब्द जसाच्या तसा टाइप करायचा म्हणून ठळक, की वाचकाने स्वतःचं नाव घालायचं म्हणून तिरपा, हे प्रोग्रॅम समजल्याशिवाय कळत नाही. टूलला तर मुळीच कळत नाही.

कोणी वाचत नाही म्हणे. आपल्याकडे प्रॅक्टिकलच्या परीक्षेत लॅबचं नेट बंद असतं. मोबाईल बाहेर ठेवलेला. तेव्हा समोरच्या मशीनवर मॅन पेजशिवाय दुसरं कोण असतं मदतीला? घरी नेटपॅक संपलेल्या मुलाचंही तेच. आणि एआयने सांगितलेला पर्याय आपल्या मशीनवरच्या आवृत्तीत आहे की नाही, हे बघायला शेवटी तेच पान उघडावं लागतं.

‘कोडिंग जमत नाही त्यांचं काम’ याला उत्तर देण्याची खरं तर गरज नाही. लिनक्स ज्याच्या धर्तीवर बनलं त्या युनिक्सचं पहिलं मॅन्युअल 3 नोव्हेंबर 1971 चं. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांचं, म्हणजे युनिक्स लिहिणाऱ्यांचंच. आज वापरतो ते मॅन मॅक्रो, म्हणजे मॅन पेजच्या तयार सूचना, युनिक्सच्या 1979 च्या सातव्या आवृत्तीसाठी डग मॅकिलरॉय यांनी घडवले. पाइपची, म्हणजे एका कमांडचं उत्तर थेट दुसरीला देण्याची, कल्पना मांडणारा माणूस. या लोकांना कोडिंग जमत नव्हतं का?

मेसेजने न विचारलेला पण खरा प्रश्न वेगळाच आहे: आपण नेमकी कोणती फाइल सुधारतोय? बरीच पानं थेट रॉफमध्ये लिहिलेलीच नसतात. ती लिहिण्याच्या दुसऱ्याच मांडणीतून बनतात: गिटची पानं ॲस्किडॉकमधून, पर्लची पॉडमधून, सिस्टमडीची डॉकबुकमधून. कोअरयुटिल्सची, म्हणजे आरएमसारख्या मूळ कमांडच्या संचाची, पानं हेल्प-टू-मॅन हे टूल बनवतं. अशा ठिकाणी तयार झालेलं रॉफ दुरुस्त केलं तर पुढच्या बिल्डमध्ये, म्हणजे पान पुन्हा बनवताना, ते पुसलं जातं, आणि मेंटेनरने नकार दिला तर तो बरोबर असतो. फाइलच्या पहिल्या काही ओळींत बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की हे अमुक टूलने बनवलंय. ते आधी बघा, आणि मूळ फाइल शोधा.

पान हाताने लिहिलेलं असेल तर पाठवा, बिनधास्त पाठवा. एका पॅचमध्ये एकाच प्रकारची चूक. डॅशचा पॅच वेगळा, नेम विभागाचा वेगळा. दुरुस्तीआधी पान कसं दिसत होतं आणि नंतर कसं दिसतं, दोन्ही ओळी मेलमध्ये चिकटवा. कोणत्या टूलने आणि त्याच्या कोणत्या आवृत्तीने तपासलं ते लिहा. नवं वाक्य नव्या ओळीवर सुरू करा. 1974 मध्ये नवशिक्यांसाठी युनिक्सची ओळख लिहिताना ब्रायन कर्निहन यांनी हेच सांगितलं होतं आणि मॅन-पेजेस प्रकल्प आजही तेच मागतो, कारण मग फरक बघताना बदललेलं वाक्यच दिसतं, सगळा परिच्छेद नाही. उत्तर यायला वेळ लागला तर थोडं थांबून एकदा नम्रपणे आठवण करा. आणि ज्यांनी तो मेसेज ग्रुपवर टाकला, त्यांनी आरएमच्या उदाहरणासकट हेही त्याच ग्रुपवर टाकावं.